देशद्रोहाला फाशी असावी का?

आडवाटेचा (धागाकर्ता)

दुसऱ्या एका धाग्यावर वाद पेटला होता, तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतो. माझं मत आधीच सांगून टाकतो: नसावी. खुन्याला फाशी असावी की नसावी हा वाद इथे नको, त्यावर शंभर धागे आहेत. देशद्रोहाचं प्रकरण मला त्याहून वेगळं वाटतं.

सप्टेंबर १९८० मध्ये दक्षिण कोरियाच्या लष्करी न्यायालयाने किम डे-जुंग या विरोधी नेत्याला मृत्युदंड सुनावला. ग्वांगजू शहरातल्या सरकारविरोधी उठावामागे तोच आहे, सरकार उलथवायचा कट त्याने केला, असा आरोप होता. त्या वेळी सत्ता जनरल चुन डू-ह्वान यांच्या हातात होती, आणि ती त्यांनी स्वतःच लष्करी बंड करून मिळवली होती. जगभरातून दबाव आला, पोपनेही रदबदली केली, आणि १९८१ च्या जानेवारीत शिक्षा जन्मठेपेवर आली. पुढे त्याला अमेरिकेला जाऊ दिलं.

सोळा वर्षांनी पारडं उलटं झालं. ऑगस्ट १९९६ मध्ये त्याच देशाच्या न्यायालयाने चुन यांना बंड आणि देशद्रोहासाठी मृत्युदंड दिला. वरच्या न्यायालयात तो जन्मठेपेवर आला. डिसेंबर १९९७ मध्ये मावळत्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांना माफी दिली, आणि तिला नुकत्याच निवडून आलेल्या नव्या राष्ट्राध्यक्षांची संमती होती. हे नवे राष्ट्राध्यक्ष म्हणजे किम डे-जुंग. २००० साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं आणि २००४ मध्ये न्यायालयाने १९८० च्या खटल्यातून त्यांना निर्दोष सोडलं.

म्हणजे एकाच देशात, एका पिढीच्या आत, दोन माणसं आळीपाळीने देशद्रोही ठरली आणि दोघांनाही मृत्युदंड झाला. १९८० ची शिक्षा वेळेत अमलात आली असती तर २००४ चा निकाल थडग्यापुढे वाचावा लागला असता.

खुनाच्या खटल्यात निदान मृतदेह असतो. सरकार बदललं म्हणून खून हा पराक्रम ठरत नाही. देशद्रोह हा मात्र असा गुन्हा आहे की फिर्यादी, तपास करणारा आणि शिक्षेचा लाभार्थी बऱ्याचदा एकच असतो: त्या दिवशीचं सरकार. परत फिरवता न येणारी शिक्षा अशा गुन्ह्याला लावू नये, एवढंच माझं म्हणणं.

हाणा आता.

ठिणगी

छान. म्हणजे शत्रूला नकाशे विकणाऱ्याला आपण पोसायचं, त्याचं पथ्यपाणी सांभाळायचं, आणि वर त्याला उद्या नोबेल मिळेल या आशेवर राहायचं!

तुमची सगळी उदाहरणं राजकीय नेत्यांची आहेत. पैसे घेऊन माहिती विकणारा माणूस कुठल्या सरकारच्या काळात देशभक्त ठरतो ते सांगा. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे आपले पूर्वज उगाच म्हणून गेले नाहीत.

नाकासमोर

ठिणगी +१

कायदेकानू

वाद तापायच्या आधी थोडं कायद्याचं. इथे तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातायत.

एक, राज्याविरुद्ध युद्ध पुकारणं. भारतीय दंड संहितेचं कलम १२१, आता १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेचं कलम १४७. मृत्युदंड किंवा जन्मठेप, दोनच पर्याय. या कलमाची सुरुवात ‘जो कोणी’ अशी आहे, म्हणजे परकीय नागरिकालाही ते लागतं. कसाबवरचा हा आरोप सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये कायम ठेवला, तो यामुळेच.

दोन, सरकारविरुद्ध अप्रीती पसरवणं, म्हणजे १२४ अ. टिळकांना १८९७ आणि १९०८ मध्ये लावलेलं कलम हे. यात फाशी कधीच नव्हती, जास्तीत जास्त जन्मठेप. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर थांबवला. नव्या संहितेत कलम १५२ आलं आहे, शब्द वेगळे आहेत, जन्मठेप तिथेही आहे.

तीन, हेरगिरी. ठिणगी ज्याबद्दल बोलताहेत ते. यासाठी १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा आहे आणि त्यात संरक्षणाशी संबंधित माहितीसाठी कमाल शिक्षा चौदा वर्षं. नकाशे विकणाऱ्या नागरी माणसाला या कायद्याने आजही फाशी होत नाही. टीव्हीवर ओरडणाऱ्या निम्म्या लोकांना हे ठाऊक नसतं.

अमेरिकेने तर व्याख्या संविधानातच लिहून ठेवली: देशाविरुद्ध युद्ध करणं किंवा शत्रूला साथ देणं, एवढंच. आणि एकाच उघड कृत्याचे दोन साक्षीदार हवेत, नाहीतर भर न्यायालयात कबुली. ही व्याख्या इतकी आवळून लिहिली, कारण लिहिणारे स्वतः ब्रिटिश कायद्याने फाशीला पात्र होते.

ठिणगी

चौदा वर्षं?? मग तर कायदा बदलायलाच हवा.

माजीसैनिक_पायदळ

मी फारसं लिहीत नाही, पण इथे राहवलं नाही. वीस वर्षांच्या वर गणवेशात काढली आहेत.

धागाकर्त्यांनी गुन्हेगार पाहिला, बळी पाहिले नाहीत. सीआयएच्या ऑल्ड्रिच एम्सने १९८५ मध्ये सोव्हिएत वकिलातीत जाऊन स्वतःहून सौदा केला. का? डोक्यावर कर्ज होतं. त्याने दिलेल्या नावांपैकी किमान दहा माणसं सोव्हिएत संघात मारली गेली. त्याला १९९४ मध्ये जन्मठेप झाली. दहा जिवांच्या बदल्यात तीन वेळचं जेवण आणि वाचायला पुस्तकं. हा न्याय कसा म्हणायचा?

दुसरं. गस्तीवर निघालेल्या तुकडीची वाट आतल्याच कुणीतरी विकली, तर काय होतं हे मी इथे वर्णन करणार नाही. शत्रूच्या गोळीचा राग येत नाही, ते त्याचं काम आहे. मागून आलेल्या गोळीचा येतो. सैन्य कायद्यात कलम ३४ आहे, शत्रूशी संगनमताबद्दल. त्यात मृत्युदंड आहे आणि तो तिथेच राहायला हवा. जो शिपाई हुकमावर मरायला तयार असतो, त्याला एवढं आश्वासन देशाने द्यायलाच पाहिजे.

तिसरं, जिवंत कैदी हा ओलीस धरणाऱ्यांना आमिष असतो. डिसेंबर १९९९ मध्ये कंदाहारला आपण कुणाला सोडून आलो आणि पुढे त्याची काय किंमत मोजली, ते सगळ्यांना माहीत आहे.

शिंपले

कंदाहारला सोडलेले लोक देशद्रोही नव्हते, अतिरेकी होते, त्यातला मुख्य तर परदेशी नागरिक. पण मुद्दा कळला.

आडवाटेचा

साहेब, तुमच्या दुसऱ्या मुद्द्यावर माझ्याकडे पटकन उत्तर नाही, त्यावर नंतर येतो. एम्सचं उदाहरण मात्र मला नेमकं उलट्या बाजूने दिसतं.

ती दहा माणसं कोण होती? सोव्हिएत अधिकारी, जे स्वतःच्या देशाची गुपितं अमेरिकेला देत होते. जनरल दिमित्री पोल्याकोव्ह त्यातला सगळ्यात मोठा मासा, १९८८ मध्ये त्याला मृत्युदंड दिला. मॉस्कोच्या नजरेतून ते सगळे देशद्रोही आणि त्यांना कायद्याप्रमाणे शिक्षा झाली. तुम्हाला त्या दहा जणांबद्दल हळहळ वाटते (मलाही वाटते), पण मग ‘देशद्रोह्याला मृत्युदंड हाच न्याय’ हे तत्त्व तिथे कुठे जातं? सोव्हिएत गुप्तहेर संस्था केजीबीचा अधिकारी, पण छुपेपणाने ब्रिटनसाठी काम करणारा ओलेग गोर्दिएव्हस्की याच सुमारास, १९८५ च्या जुलैत, गाडीच्या डिकीत लपून फिनलंडमार्गे निसटला. मागे मॉस्कोत त्याला गैरहजेरीत मृत्युदंड झाला. २००७ मध्ये इंग्लंडच्या राणीने त्याला किताब दिला. कृत्य तेच. सीमेच्या कुठल्या बाजूला उभं राहून पाहता यावर फास की पदक हे ठरलं.

आणखी एक. एम्सने ती नावं का दिली? सीआयएला मदत करणाऱ्या या माणसांनाच त्याचा सुगावा लागण्याची शक्यता होती, म्हणून त्यांचा काटा काढणं त्याच्या सोयीचं होतं. पलीकडे त्यांना मारतील हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे तिथला मृत्युदंड त्याच्या हातातलं हत्यार झाला.

ठिणगी

शब्दांचे खेळ. आपल्या बाजूने केलेली हेरगिरी चांगली आणि आपल्याविरुद्धची वाईट, यात दुटप्पीपणा काय आहे? जगात प्रत्येक देश असाच वागतो. मला माझ्या देशाचं हित बघायचंय, सोव्हिएतांचं नाही.

खडीसाखर

ठिणगी, तुमच्या ‘हिता’च्याच भाषेत बोलू या. नीती बाजूला ठेवते.

क्लाउस फुक्स. अणुबॉम्बच्या प्रकल्पात काम केलेला शास्त्रज्ञ, लॉस अलामॉसमध्ये होता. त्याने सोव्हिएतांना बॉम्बच्या रचनेची माहिती दिली. इतकं मोलाचं गुपित त्या शतकात क्वचितच कुणी फोडलं असेल. १९५० मध्ये ब्रिटनमध्ये त्याने कबुली दिली. शिक्षा? चौदा वर्षं. कारण माहिती दिली तेव्हा सोव्हिएत संघ ब्रिटनचा मित्र होता, शत्रू नव्हता, त्यामुळे देशद्रोहाचं कलम लागेना. १९५९ मध्ये तो सुटला, पूर्व जर्मनीत गेला आणि तिथे पुन्हा संशोधन करू लागला.

आता याच साखळीचं दुसरं टोक. फुक्सच्या कबुलीवरून निरोप्या हॅरी गोल्ड सापडला, गोल्डवरून डेव्हिड ग्रीनग्लास आणि ग्रीनग्लासवरून त्याचा मेव्हणा ज्युलियस रोझेनबर्ग आणि सख्खी बहीण एथेल. १९ जून १९५३ रोजी नवराबायको दोघांना विजेच्या खुर्चीत मारलं. दोन लहान मुलगे मागे राहिले. ज्याने मूळ गुपित दिलं तो नऊ वर्षांत बाहेर, आणि साखळीतल्या खालच्या कडीला मृत्युदंड.

ज्युलियस हेर होता यात आता शंका उरलेली नाही. सोव्हिएत तारांचा अमेरिकेने केलेला उलगडा १९९५ मध्ये खुला झाला आणि तो वाद मिटला. एथेलचं काय? तिच्याविरुद्धचा मुख्य पुरावा म्हणजे भावाची साक्ष, की नोंदी तिने टंकलिखित केल्या. २००१ मध्ये त्याच भावाने सांगितलं की स्वतःच्या बायकोला वाचवायला ती साक्ष दिली होती.

आता हिताचा हिशोब. एथेलला अडकवण्यामागे सरकारी पक्षाचा हेतू होता तो ज्युलियसवर दडपण आणण्याचा: बोल, नाहीतर बायको जाईल. तो बोललाच नाही. दोघं गेली आणि त्यांना जे काही माहीत होतं तेही गेलं. फुक्स बोलला म्हणून अख्खी साखळी हाती लागली. एफबीआयचा रॉबर्ट हॅन्सन वीसेक वर्षं मॉस्कोसाठी काम करत होता, २००१ मध्ये पकडला गेला. त्याच्याशी सरकारने करारच केला: मृत्युदंड मागत नाही, तू सगळं सांग. त्याचा उपयोग काय झाला तर नेमकं काय काय फुटलं आहे हे तरी कळलं. गुप्तहेर खात्यांना सूड परवडत नाही, त्यांना नुकसानीची यादी हवी असते.

नाकासमोर

हॅन्सनला बोलतं करायला फाशीची भीतीच कामी आली की! कायद्यात मृत्युदंड नसता तर तो कशाच्या बदल्यात बोलला असता?

खडीसाखर

चांगला प्रश्न. खरं आहे, धाक होता म्हणून सौदा झाला. पण तोच धाक ज्युलियसवर चालला नाही. आणि ‘कबूल कर नाहीतर फाशी’ असा धाक निर्दोष माणसालाही कबूल करायला लावतो, हेही धरा. फुक्स तर फाशीच्या धाकाशिवायच बोलला.

रिकामटेकडा

मी कोपऱ्यात बसून वाचतोय. कुणीतरी सूर्याजी पिसाळ काढा म्हणजे मराठी धागा पूर्ण होईल.

ठिणगी

काढतोच. आपल्याकडे फितुरी हाच शाप आहे. बाळाजीपंत नातूने १८१७ मध्ये शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढवलं आणि त्याला शिक्षा नाही, उलट जहागीर. छत्रपती संभाजीराजांनी कटवाल्यांना हत्तीच्या पायी दिलं ते बरोबरच होतं. तेव्हा कुणी मानवी हक्कांचं भाषण दिलं नाही.

शिंपले

संभाजीराजांच्या त्याच १६८१ च्या शिक्षेत बाळाजी आवजी चिटणीसही गेले, ते विसरलात. बाळाजींचा दोष नव्हता आणि राजांना पुढे त्याचा पश्चात्ताप झाला, असं बखर सांगते. (चिटणीस बखर त्यांच्याच वंशजाने लिहिली आहे, तेव्हा चिमूटभर मीठ टाकून वाचा.) पण एक गोष्ट बखरीवर अवलंबून नाही: बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ पुढे संभाजीराजांच्या आणि राजाराम महाराजांच्या सेवेत निष्ठेने राहिला. ज्याच्या बापाला फितूर म्हणून मारलं, त्याच घराने गादी राखायला हातभार लावला.

आणि नातूचं म्हणाल तर त्याला शिक्षा कोण देणार होतं? तो जिंकणाऱ्यांच्या बाजूला होता. धागाकर्ते तेच तर म्हणतायत.

आता मला खरा बोलायचा मुद्दा. या खटल्यांत पुरावा गुप्त असतो. ‘राष्ट्रीय सुरक्षा’ म्हटलं की आरोपीच्या वकिलालाही तो दाखवत नाहीत. कॅप्टन आल्फ्रेड ड्रायफस, १८९४. फ्रेंच तोफखान्यातला ज्यू अधिकारी. जर्मनांना गुपितं विकल्याचा आरोप. लष्करी न्यायाधीशांना एक गुप्त पाकीट आत पाठवलं गेलं, बचाव पक्षाला त्याचा पत्ताच नव्हता. पुरावा म्हणून धरलेल्या चिठोऱ्यावरचं अक्षर दुसऱ्याच अधिकाऱ्याचं, एस्टरहाझीचं होतं. सैन्यातल्याच पिकार नावाच्या अधिकाऱ्याने ते शोधून काढलं, तर त्यालाच दूर बदली करून पाठवलं.

ड्रायफस वाचला तो कशामुळे? फ्रान्सने १८४८ मध्ये राजकीय गुन्ह्यांसाठी मृत्युदंड रद्द केला होता. म्हणून त्याला डेव्हिल्स आयलंडवर डांबलं. १९०६ मध्ये तो निर्दोष ठरला, पुन्हा सैन्यात गेला आणि पहिल्या महायुद्धात त्याच फ्रान्ससाठी लढला. त्या काळी रस्त्यावरचा जमाव काय ओरडत होता? ‘मारा त्याला.’ लोकमत आत्ताच्या टीव्हीसारखंच होतं.

आणि जिथे मृत्युदंड होता तिथलं एक: इस्रायल, ३० जून १९४८. कॅप्टन मेइर टोबियान्स्कीवर शत्रूला माहिती पुरवल्याचा आरोप. उभ्या उभ्या लष्करी सुनावणी, वकील नाही, अपील नाही, त्याच दिवशी गोळ्या. वर्षभरात तो निर्दोष असल्याचं सरकारनेच जाहीर केलं. ज्या अधिकाऱ्याने हे घडवलं त्याला नाममात्र शिक्षा झाली.

माजीसैनिक_पायदळ

टोबियान्स्की माहीत नव्हता. वाचतो.

उंबरठा

सगळे एकाच दिशेने वाहत चालले आहेत, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मी फाशीचा समर्थक नाही, पण धागाकर्त्यांच्या ‘सत्ता बदलली की व्याख्या बदलते’ या सूत्रात एक मोठं भोक आहे. नॉर्वे.

विद्कुन क्विसलिंग. १९४० मध्ये जर्मन सैन्य उतरलं त्याच दिवशी याने रेडिओवर जाऊन स्वतःला पंतप्रधान जाहीर केलं. ते सरकार आठवडाभरही टिकलं नाही, पण १९४२ ते १९४५ नाझींच्या वतीने सरकारचा प्रमुख. नॉर्वेतल्या ज्यूंपैकी सातशेहून जास्त लोक बाहेर पाठवले गेले, परत आले ते बोटांवर मोजण्याइतके. त्या ज्यूंना अटक नॉर्वेच्याच पोलिसांनी केली. २४ ऑक्टोबर १९४५ ला ओस्लोत क्विसलिंगला गोळ्या घातल्या. आज ऐंशी वर्षं झाली, सरकारं आली गेली, नॉर्वेने शांतताकाळातली फाशी त्याआधीच टाकून दिली होती, पुढे युद्धकाळातलीही टाकली. क्विसलिंग तिथे पुन्हा देशभक्त ठरला का? नाही. त्याचं आडनाव कित्येक भाषांत फितुराचा समानार्थी शब्द झालं. तेव्हा प्रत्येक देशद्रोह सापेक्ष असतो हे काही खरं नाही.

आणि कायद्याने शिक्षा दिली नाही तर लोक देतात. फ्रान्समध्ये मुक्तीच्या आगेमागे सुमारे नऊ हजार माणसं खटल्याशिवाय मारली गेली. बायकांची डोकी भर चौकात भादरली. न्यायालयं चालू झाल्यावर हजारो मृत्युदंड सुनावले गेले, प्रत्यक्षात अमलात आले आठशेच्या आसपास. न्यायालयाने थोडे बळी घेतले म्हणून रस्त्यावरचे थांबले, असा युक्तिवाद होऊ शकतो. मला तो पूर्ण पटतो असं नाही, पण तो पोरकट नाही.

आडवाटेचा

धाग्यातला आत्तापर्यंतचा सगळ्यात अवघड प्रतिसाद. क्विसलिंगबद्दल माझ्या मनातही संशय नाही. पण त्याच वर्षी त्याच फ्रान्समध्ये काय झालं पाहा. पेतां, देशाचा प्रमुख, हिटलरशी हस्तांदोलन करणारा. मृत्युदंड झाला, वयामुळे द गॉलने जन्मठेप केली. रॉबेर ब्राझियाक, लेखक आणि संपादक, लेखणीने नाझींची तळी उचलली, माणसांची नावं छापून त्यांना पकडा म्हणाला. फेब्रुवारी १९४५ मध्ये त्याला गोळ्या घातल्या, माफीचा अर्ज द गॉलनेच फेटाळला. कारभार चालवणारा वाचला, लिहिणारा गेला. लेखक आल्बेर कामूने माफीच्या अर्जावर सही केली होती, त्या माणसाबद्दल तिरस्कार असूनही. हाच कामू त्याआधी काही महिने कठोर शिक्षांची मागणी करत होता आणि दयेची बाजू घेणाऱ्या मोरियाक या लेखकाशी भांडत होता. पुढे १९४८ मध्ये त्याने जाहीरपणे म्हटलं की त्या वादात मोरियाकचं बरोबर होतं.

ब्रिटनमध्येही तेच. विल्यम जॉइस, जर्मन रेडिओवरून इंग्लंडची टिंगल करणारा. जन्म न्यूयॉर्कचा, ब्रिटिश नागरिक तो कधीच नव्हता. खोटी माहिती देऊन ब्रिटिश पासपोर्ट काढला होता, तेवढ्यावर ‘राजनिष्ठा देणं लागत होतास’ असं ठरवून ३ जानेवारी १९४६ रोजी फासावर दिला. नुसता आवाज. फुक्सने बॉम्ब दिला आणि तो नऊ वर्षांत सुटला, हे खडीसाखर यांनी वर लिहिलंच आहे. नुकसानीच्या प्रमाणात शिक्षा असं या गुन्ह्यात कुठे दिसतच नाही. ज्याचा चेहरा किंवा आवाज लोकांना माहीत, तो जातो.

आता आपल्याकडची गंमत. जॉइसला फाशी झाली त्याच आठवड्यात, त्याच राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याबद्दल दोषी ठरलेले तीन अधिकारी लाल किल्ल्यातून मोकळे बाहेर पडले. शाहनवाज खान, सहगल, धिल्लों. कलम १२१, म्हणजे फाशी किंवा जन्मठेप. भुलाभाई देसाईंनी बाजू लढवली: परतंत्र देशाला स्वातंत्र्यासाठी युद्ध करायचा हक्क आहे. न्यायालयाने जन्मठेप सुनावली आणि सरसेनापती ऑकिनलेकने ती माफ केली. दया आली म्हणून? रस्त्यावर लोक होते आणि स्वतःचंच सैन्य हाताबाहेर जाईल ही भीती होती म्हणून.

ठिणगी

आझाद हिंदचं आणि फितुरांचं एकत्र नाव घेऊ नका. हे मला आवडलेलं नाही.

आडवाटेचा

एकत्र मी घेतलेलं नाही हो, इंग्रजांच्या आरोपपत्राने घेतलं. आपण दोघंही ते खोडतोय. पण १८५९ मध्ये तात्या टोप्यांच्या बाबतीत ते खोडायला कुणी नव्हतं. ‘मी माझ्या धन्याची, पेशव्यांची आज्ञा पाळली, इंग्रजांचा मी नोकर नव्हतो’ हीच त्यांची बाजू होती, आणि ती आज कुणालाही बिनतोड वाटेल. शिवपुरीला त्यांना फाशी दिलीच.

माजीसैनिक_पायदळ

आझाद हिंदवर एक सांगतो, कडू आहे. स्वातंत्र्यानंतरही त्यांच्या सैनिकांना आपल्या सैन्यात परत घेतलं नाही. निवृत्तिवेतनासाठी कित्येकांना दशकं झगडावं लागलं. मला स्वतःला ते चुकीचं वाटतं. पण सैन्य शपथेकडे कसं बघतं हे त्यातून कळेल. शपथ कुणाला दिली होती हा प्रश्न बाहेरच्यांना पडतो. आत, शपथ मोडली एवढंच दिसतं.

टोबियान्स्की वाचला. अस्वस्थ करणारं आहे. तरी माझं म्हणणं पूर्ण बदलत नाही. शांतताकाळात, नागरी माणसाला, बोलण्यासाठी वा लिहिण्यासाठी फाशी नको. हे मी मान्य करतो, ते माझं म्हणणं कधी नव्हतंच. पैशासाठी गुपितं विकणाऱ्याला जन्मठेप द्या, खरोखर मरेपर्यंतची. चौदा वर्षं हा विनोद आहे. युद्ध चालू असताना, गणवेशातल्या माणसाने, शत्रूला तुकडी विकली तर मात्र कलम ३४ राहू द्या.

शिंपले

पण टोबियान्स्की गणवेशातलाच होता आणि युद्धही चालू होतं. तुमचा अपवाद नेमका त्याच्या मापाचा आहे.

कायदेकानू

युरोपने हाच जिना दोन पायऱ्यांत उतरला. मानवी हक्क कराराच्या १९८३ च्या सहाव्या पुरवणीने शांतताकाळातली फाशी काढली, युद्धकाळाची मुभा ठेवली. २००२ च्या तेराव्याने तीही काढली. ब्रिटनने खुनासाठीची फाशी साठच्या दशकात टाकली, देशद्रोहासाठीची पुस्तकात राहिली ती थेट १९९८ पर्यंत. वापरायची नव्हती, पण काढायचा धीरही होत नव्हता. इस्रायलने १९५४ मध्ये खुनासाठीचा मृत्युदंड काढला आणि देशद्रोहासाठीचा ठेवला, टोबियान्स्की घडून गेल्यानंतरसुद्धा.

आपल्या सैन्य कायद्याबद्दल गैरसमज नको म्हणून सांगतो: जनरल कोर्ट मार्शलला मृत्युदंडासाठी दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागते. मोहिमेवरच्या संक्षिप्त कोर्ट मार्शलला सगळ्यांची, एकमताने. वरून मंजुरी मिळाल्याखेरीज निकाल लागू होत नाही. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरणात अपीलही आलं.

माजीसैनिक_पायदळ

शिंपले, मान्य, माप बसतं. फरक एवढाच की त्याला वकील नव्हता, अपील नव्हतं आणि मध्ये एक रात्रही गेली नाही. कायदेकानूंनी जे लिहिलं ते सगळं पाळलं असतं तर तो वाचला असता असं मला वाटतं.

शिंपले

ड्रायफसला वकील होता. सात लष्करी न्यायाधीश होते, निकाल एकमताने लागला, आणि अपीलही फेटाळलं गेलं. खरं बाहेर यायला बारा वर्षं लागली. तेवढा काळ कैद्याला जिवंत ठेवणारी तरतूद तुमच्या कलम ३४ मध्ये कुठे बसवायची, ते सांगा.

माजीसैनिक_पायदळ

बारा वर्षं युद्ध चालत नाही. युद्ध संपेपर्यंत शिक्षा राखून ठेवायची आणि मग नागरी न्यायालयाने सगळी कागदपत्रं उघडून पुन्हा बघायची, असं काही करता येईल. तसं केलं तर फाशी जवळजवळ कधीच होणार नाही, हे मलाही दिसतंय. चालेल मला. कलम मात्र पुस्तकात हवं.

ठिणगी

मला नाही चालणार. पण उद्या लिहितो, आता उशीर झालाय.